देशी पाना, विलायती पाना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या धाकट्या भावाचं यवतमाळला दारव्हा रोडवर गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, पुढे टिनाचं छप्पर, मागे एक खोली आणि मधल्या जागेत एक ट्रॅक्टर आणि एक जीप कशीबशी मावते. माझं काम कवितेचं, त्यामुळे तिथे माझा काडीचा उपयोग नाही. पण संध्याकाळी चहाला जाऊन बसतो. गेल्या पावसाळ्यात असाच बसलो होतो. भावाच्या हाताखालचा पोरगा बारा-तेराचा रिंग पाना आणायला निघाला, तर भावाने मागून हाक मारली, "इंडियनच आन बरं! इंपोर्टेड देत असंल तर घेऊ नोको."

मी चहाचा कप खाली ठेवला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच शहरात अब्बांनी मला असंच पाना आणायला पाठवलं होतं आणि मागून असंच बजावलं होतं. शब्द मात्र नेमके उलटे होते. "नया देसी मत लाना बेटा. पुराना विलायती मिला तो देख."

एक घर, एक धंदा, एकच वस्तू. बापासाठी 'देशी' ही शिवी होती आणि मुलासाठी तीच खात्री झाली. हा पालट कसा झाला, ते मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. त्यात थोडा इतिहास आहे, थोडं लोखंड आहे आणि थोडी घरची गोष्ट आहे.

आधी शब्दाचं सांगतो, कारण तेवढाच माझा अधिकार. पुस्तकात आपण 'अवजार' लिहितो. गॅरेजमध्ये अवजार कुणी म्हणत नाही. तिथे 'हत्यार' म्हणतात. 'हत्यारं काढ', 'हत्यारं पुसून ठेव'. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे मारामारी चालली आहे. गंमत अशी, की शुद्ध वाटणारा 'अवजार' हा शब्द अरबीतून आलेला आणि रांगडा वाटणारा 'हत्यार' इथलाच, हातावरून आलेला. म्हणजे देशी काय आणि विलायती काय, हे वरवर पाहून सांगता येत नाही. शब्दांचं जे आहे, तेच पान्यांचं आहे.

अब्बा एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत फिटर होते. यवतमाळ जिल्ह्याला जिनिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आपलं सगळं आयुष्य कापसाभोवती फिरलं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. त्या काळी आपल्या जिल्ह्याचं नावही यवतमाळ नव्हतं, 'वणी' होतं, इंग्रजांच्या लेखी 'वून'. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत लहान रुळांची गाडी आली, तीच आपली शकुंतला. कापूस जायला वाट झाली. रेचे, प्रेस, इंजिन आले, आणि हे सगळं विलायतेतून आलं. सरकी काढायच्या मशीनवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव ओतलेलं असायचं. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचं, १९२१ सालचं. ते १९९४ पर्यंत धावलं. आता ती गाडीही बंद आहे.

मशीन आलं की त्याच्यासोबत त्याचे पाने येतात. अब्बांच्या लाकडी पेटीत असे आठ-दहा पाने होते. काळेभोर, जड, मधोमध बर्मिंगहॅमचा शिक्का. ते त्यांना त्यांच्या उस्तादांकडून मिळाले होते आणि उस्तादांना कुणा गोऱ्या इंजिनिअरच्या काळापासून. तीन माणसांच्या हातांनी ते इतके गुळगुळीत झाले होते, की हातात धरल्यावर लोखंड वाटत नसे. त्यांचा जबडा मात्र जसाच्या तसा. अर्धशतक नट फिरवूनही तो फाकला नव्हता. असा पाना रोज हातात धरणाऱ्या माणसाने 'विलायती' हा शब्द आदराने उच्चारला, तर त्यात गुलामगिरी शोधू नये. तो अनुभव होता.

या पान्यांवरचे आकडे मला लहानपणी कोड्यात टाकत. पान्यावर अर्धा इंच लिहिलेलं आणि जबडा मोजावा तर अर्ध्या इंचाहून बराच मोठा. अब्बा हसायचे. तो आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो, हे त्यांनी मला समजावलं. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या मँचेस्टरच्या कारागिराने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं. त्याआधी दर कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. व्हिटवर्थच्या हिशेबात बोल्टच्या जाडीवरून पान्याचं माप. आमच्या जिनमध्ये मात्र इंच कुणी बोलत नसे. तिथे 'सूत' चालायचं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'चार सुती पाना दे' म्हणजे अर्ध्या इंचाचा. कापसाच्या गावात लोखंडही सुतात मोजलं जायचं, हे मला पुढे कवी झाल्यावर कळलं. तेव्हा फक्त पाना नेऊन द्यायचो.

तर देशीची ही नावड अब्बांची एकट्याची नव्हती आणि त्यांच्या काळापुरतीही नव्हती. विदर्भात लोखंडाची कला काही कमी जुनी नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, ती इसवी सनापूर्वीच्या काळातली. माहूरझरीच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या निघाल्या. आम्हा मुसलमानांत लोहार आपला हुन्नर हजरत दाऊद यांच्यापासून आला असं मानतात. त्यांच्या हातात लोखंड मऊ होत असे, असं कुराणात आलं आहे. गावोगाव फिरणारे घिसाडी आणि गाडी लोहार, शिकलगार, खाती-सुतार, सगळे याच मातीतले. मग देशीची पत गेली कशी?

मला वाटतं, पत कारागिराची गेली नाही, मालाची गेली. लोहार एका वेळी एक विळा घडवतो आणि तो कुणासाठी घडवतो हे त्याला ठाऊक असतं. हजार पाने एकसारखे करायचे, तर पोलाद एकसारखं लागतं, भट्टीचा ताव एकसारखा लागतो. ते आपल्याकडे नव्हतं. आणि ते जवळपास आपल्याच दारात सुरू होणार होतं, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. जुन्या चांदा जिल्ह्यात लोहारा नावाचं गाव आहे. तिथल्या लोहखनिजाबद्दल फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने १८८२ मध्ये एक अहवाल लिहिला. तो नागपूरला एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती पडला. वर्धा नदीच्या पल्याड वरोऱ्याला कोळसा, अलीकडे आपली वणी, आणि थोडं पुढे लोहाराचं खनिज. टाटांच्या डोक्यात पोलादाचं जे स्वप्न शिरलं, ते इथून. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी चांद्याच्या कामासाठी नागपूरला आले असताना संग्रहालयात त्यांनी भूगर्भाचा एक नकाशा पाहिला आणि शोध पूर्वेकडे वळला. १९१२ मध्ये पोलाद निघालं ते साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. यवतमाळचंही एक लोहारा आहे, दारव्हा रोडवरच. तिथे आता एमआयडीसी आहे. भावाच्या गॅरेजला जाताना मला दोन्ही लोहारे आठवतात.

स्वदेशीची चळवळ आपल्या जिल्ह्यात जोरात होती. वणीचे लोकनायक बापूजी अणे टिळकांचे अनुयायी. १० जुलै १९३० रोजी पुसदला त्यांच्या नेतृत्वाखाली गवत कापून जंगलाचा कायदा मोडला गेला. ते विळे गावच्या लोहाराने घडवलेले असणार, त्यासाठी कुणाला शपथ घ्यावी लागली नसेल. पण मशीनच्या हत्यारांना स्वदेशीची झळ लागली नाही. चौकाचौकांत विलायती कापडाच्या होळ्या झाल्या. विलायती पाना कुणी फेकून दिल्याचं मी ऐकलं नाही. फेकला असता, तर दुसरा कुठून आणला असता?

या बाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढणारा हा माणूस. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. विलायती नांगर समोर ठेवून, पण इथल्या मातीसाठी. शेतकऱ्यांनी तो घेतला का? नाही. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असं लोक म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बाहेरून कच्चं लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. सभेत सांगायला तोफांची गोष्ट छान आहे. मला मात्र ती दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. 'देशी आहे म्हणून घ्या' असं सांगून नांगर खपला नाही. शेजाऱ्याच्या वावरात तो चालताना पाहिला, मोडला तर सुटा भाग मिळतो हे कळलं, कारखान्याचा पत्ता ठाऊक झाला, तेव्हा खपला.

हा 'पत्ता' शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता माझ्या त्या खरेदीकडे येतो. साल १९८० च्या आसपासचं, मी दहा वर्षांचा. जिनमध्ये एक नवं डिझेल इंजिन बसलं होतं, भारतात बनलेलं. त्याचे नट मिलिमीटरमध्ये. आपल्या देशाने १९५६ मध्ये कायदा करून मेट्रिक मापं घेतली. शेर जाऊन किलो आला, हे सगळ्यांना आठवतं. नट-बोल्टही बदलले, हे फिटरांनाच आठवतं. अब्बांची बर्मिंगहॅमची सगळी दौलत त्या नव्या इंजिनासमोर निकामी ठरली. पाना जरा मोठा तरी होई किंवा जरा लहान तरी. जरा मोठा पाना लावला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, मग त्याला छन्नी-हातोड्याशिवाय इलाज नाही.

भंगारवाल्याकडे जुना विलायती मिलिमीटरचा पाना असण्याचा प्रश्नच नव्हता. जुनं ते सगळं इंचात. बाहेरच्या मालावर तर तेव्हा कडक बंधनं होती. भंगारवाल्याने मला पिटाळलं, शेजारच्या दुकानदाराने एक नवा कोरा पाना दिला आणि म्हणाला, "नाशिकचा हाये. अब्बाले सांग, नाही पटला तर परत घेईन."

अब्बांनी पाना पाहिला. काही बोलले नाहीत. पेटीतून एक जुनी कानस काढली आणि पान्याच्या जबड्याच्या कडेवरून एकदाच ओढली. ही फिटरांची परीक्षा आहे. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली, तर पाना मऊ. चार दिवसांत त्याचा जबडा फाकणार. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाना जास्त कडक. जोर लागला की तडकणार, आणि तडकलेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. चांगल्या पान्यावर कानस चालते, पण कुरकुरत, मेहनत घेऊन. अब्बांनी कानस ओढली, कान लावून ऐकलं, आणि पाना पेटीत ठेवला. त्या पेटीत शिरलेला तो पहिला देशी पाना.

नाशिकला तो आला कसा, हे मला बरंच नंतर कळलं. टपारिया कंपनीने स्वीडनमधल्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ मध्ये हत्यारं बनवायला सुरुवात केली. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत तिचा कारखाना आहे. स्वीडन हा पान्यांच्या दुनियेतला मोठा मुलूख. आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो, त्याचं आजचं रूप योहान्सन नावाच्या स्वीडिश माणसाने १८९२ च्या सुमारास पक्कं केलं. तिकडे फरीदाबादला जर्मनीच्या गेडोर कंपनीशी हातमिळवणी करून पाने निघत होते. ते परदेशातही जात. पुढे तो कारखाना आजारी पडला, ती वेगळी आणि दुःखाची कथा. जालंधरला गल्लीगल्लीत हत्यारांच्या भट्ट्या होत्या. तिथे १९८३ मध्ये केंद्र सरकारने हत्यारांची संस्थाच काढली. आणि कानशी म्हणाल तर रेमंड समूहाच्या, आपल्या रत्नागिरीच्या कारखान्यातल्या, जगभर जातात. सूटिंग-शर्टिंगवाल्यांच्या कानशी! कापड आणि लोखंड पुन्हा एकत्र आलं.

मात्र हे सगळं नुसत्या सहकार्याच्या करारांनी झालं नाही. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला मालावर शिक्का मारायचा अधिकार मिळाला, तोच आयएसआय मार्क. पान्यांचीही मानकं ठरली. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८, रिंग पान्यांसाठी आयएस २०२९. जबड्याची फट किती, कडकपणा किती, किती जोर लावल्यावरही टिकला पाहिजे, हे सगळं कागदावर आलं. अब्बांच्या कानशीची परीक्षाच ही, फक्त आकड्यांत मांडलेली.

पाना होतो कसा, ते दोन वाक्यांत सांगतो, म्हणजे फसवणूक कुठे होते ते कळेल. चांगल्या पान्याचं पोलाद साधं नसतं, त्यात क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं असतं. त्याची कांब लालपिवळी तापवून दोन साच्यांमध्ये घणाने ठोकतात, जबडा मापात कापतात, पुन्हा तापवून तेलात बुडवतात म्हणजे तो कडक होतो, आणि मग बेताच्या उष्णतेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. शेवटी वर चकाकी. यातली चकाकी सोडली तर एकही पायरी डोळ्यांना दिसत नाही. साधं पोलाद वापरा, तेलात बुडवल्यानंतरची पायरी गाळा, वर जाड क्रोम चढवा, अंगावर 'क्रोम व्हॅनेडियम' ठसठशीत उमटवा. दुकानातल्या काचेत तो खऱ्या पान्यापेक्षा जास्त सुंदर दिसेल.

आणि असे सुंदर पाने आमच्याकडे आले. १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली. २००१ मध्ये आयातीवरची उरलीसुरली संख्याबंधनं उठली. पुढच्या चार-पाच वर्षांत यवतमाळच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या पेट्या दिसू लागल्या. उघडल्या की आत मखमलीसारख्या खाचांत चाळीस-चाळीस तुकडे, आरशासारखे लखलखीत. किंमत देशी पान्यांच्या अर्ध्या सेटएवढी. भावाने नुकतंच गॅरेज टाकलं होतं. अब्बांची पेटी इंचाची, त्याचे स्वतःचे पाने मोजून सहा. त्याने ती पेटी घेतली. त्याला दोष देत नाही. नव्या धंद्यात माणूस चाळीस तुकड्यांकडे पाहतो आणि त्याला वाटतं, आपलं गॅरेज मोठं झालं.

२००६ च्या खरिपाच्या तोंडावर एका ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट तो सोडवत होता. गंजलेला नट, लांब दांडा, पूर्ण अंगाचा जोर. सॉकेट मधोमध उभी फाटली. हात सुटला तो सरळ मडगार्डच्या कडेवर. करंगळी आणि शेजारच्या बोटाची नस तुटली. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. शेजारचं बोट वाचलं. करंगळी आजही वाकत नाही. त्या वर्षीचा सगळा हंगाम गॅरेज बंद राहिलं, आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर जेव्हा रांगेत उभे राहतात तो हंगाम गेला, की मेकॅनिकचं वर्ष गेलं. अम्मीच्या हातातल्या बांगड्या तेव्हा विकल्या.

फाटलेली सॉकेट घेऊन मी स्वतः दुकानात गेलो. दुकानदार सज्जन माणूस, ओशाळला. म्हणाला, "भाऊ, मी तरी कोनाले इचारू?" पेटी उलटी करून पाहिली. नाव होतं, पण ते कुठल्याच कारखान्याचं वाटत नव्हतं. देशाचं नाव होतं. पत्ता नव्हता. ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं, असं कुणीच त्या पेटीवर नव्हतं.

अब्बा तेव्हा हयात होते. अंथरुणावर पडून त्यांनी ती सॉकेट हातात घेतली, फाटलेल्या जागेचा दाणा पाहिला. मोठमोठा, साखरेसारखा दाणा. "इसको किसीने पकाया ही नहीं," एवढंच म्हणाले.

आता कुणी म्हणेल, हे तर सरळ आहे, परदेशी वाईट आणि देशी चांगलं. मला तसं म्हणायचं नाही, कारण इतिहास तसं म्हणू देत नाही. एकेकाळी हीच तक्रार जर्मनीबद्दल होती. शेफील्डचे कारागीर ओरडत, की जर्मनीतून स्वस्त सुऱ्या येतात आणि आमच्या नावाने खपतात. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात खुद्द फ्रान्झ रॉयलो या जर्मन परीक्षकानेच आपल्या देशाचा माल स्वस्त आणि वाईट ठरवला. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला, की परदेशी मालावर देशाचं नाव छापा. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का मुळात सावध राहा म्हणून सांगायला आला. त्यानंतर जर्मन कारखानदारांनी माल असा सुधारला, की तोच शिक्का खात्रीचा झाला. महायुद्धानंतर जपानच्या मालाचंही असंच. आज चीनमध्येही उत्तम पाने बनतात, जगातल्या नावाजलेल्या कंपन्या तिथून बनवून घेतात. कारखाना मागाल तसा माल देतो. यवतमाळच्या बाजारासाठी कुणी मागताना काय मागितलं असेल, ते भावाच्या करंगळीला विचारा.

आणि देशी म्हणून सगळंच निर्मळ आहे, असंही नाही. मागे भावाच्या दुकानदाराकडे एक पक्कड पाहिली. रंग तोच, अक्षरांचं वळण तेच, एका नामांकित देशी नावातलं फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. मी शुद्धलेखनाच्या चुका शोधण्यात आयुष्य घालवलेला माणूस, म्हणून माझ्या लक्षात आलं. ज्याचे हात ग्रीसने माखलेले आहेत, तो अक्षरं वाचत बसत नाही. त्यातही खऱ्या देशी कारखान्यांची वाट सोपी नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नीती आयोगाने हत्यारांच्या उद्योगावर अहवाल काढला. भारताची हातहत्यारांची निर्यात सुमारे ६० कोटी डॉलर, जगाच्या व्यापारात दोन टक्क्यांहूनही कमी. चीनची १३०० कोटी. आपल्या कारखान्याला माल तयार करायला त्यांच्यापेक्षा १४ ते १७ टक्के जास्त खर्च येतो, असं तो अहवाल म्हणतो. पोलाद महाग, कर्ज महाग, वाहतूक महाग. म्हणजे जो कारखाना पोलादही खरं वापरतो आणि भट्टीची पायरीही गाळत नाही, त्याचा पाना महाग असणारच. तो महाग पाना विकत घेणं गॅरेजवाल्याच्या जिवावर येतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही दहादा विचार केला असता.

इथे मला आपल्या गावच्या लोहाराची आठवण येते. आर्णी, दिग्रस, उमरखेड, कुठेही जा, निंदणीच्या दिवसांत बायका लोहाराला एकच विचारतात, "पाट्याचं हाये का?" पाटा म्हणजे ट्रकच्या खालच्या स्प्रिंगचा पट्टा. तुटला की भंगारात येतो, लोहार तो घेतो आणि त्याचे विळे, खुरपी घडवतो. ते पोलाद चांगलं असतं हे त्याला कुणी प्रयोगशाळेत शिकवलेलं नाही. वीस-वीस टन भार झेललेलं लोखंड आहे, एवढंच त्याला ठाऊक. बाजारातलं पत्र्याचं खुरपं दोन आठवड्यांत वाकतं आणि पाट्याचं खुरपं सासूकडून सुनेकडे जातं. बिघडलं तर लोहार पुढच्या बाजाराला त्याच झाडाखाली बसलेला असतो. बायका त्याला चार शिव्या देतात आणि तो फुकटात पाणी देऊन देतो.

दसऱ्याला भावाच्या गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा होते. अब्बांच्या वेळी जिनमध्ये व्हायची. आमच्या घरी यावर कधी चर्चा झाली नाही. अब्बा आदल्या रात्री एकेक पाना रॉकेलने धुऊन पुसायचे, पोरं झेंडूची फुलं आणायची, सोनं वाटलं जायचं. भावाच्या पाटावर आता नाशिकचे, जालंधरचे पाने असतात. मधोमध तो अब्बांचा चार सुती बर्मिंगहॅमचा पानाही ठेवतो. गॅरेजमधल्या एकाही नटाला तो आता लागत नाही. एरवी तो माझ्या टेबलावर असतो, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून.

तर त्या पावसाळी संध्याकाळी पोरगा पाना घेऊन आला. भावाने तो उलटापालटा केला, शिक्का पाहिला, कारखान्याचं नाव-गाव वाचलं. मग व्हाइसशेजारची जुनी कानस घेतली, न वाकणारी करंगळी बाहेर ठेवून मुठीत नीट धरली आणि पान्याच्या कडेवरून एकदा ओढली. कुर्र असा आवाज झाला. त्याने पाना आणि कानस दोन्ही पोराच्या हातात दिली.

"आता तू ओढ," तो म्हणाला. "अन् आयक."